अर्धा तास माग बंद

इलियासनं कानावरचे हेडफोन काढले आणि आमच्याकडं बघितलं.

"भाभी, हा आवाज कसला आहे?"

"कुठला आवाज?" भूदेवीनं विचारलं.

"मागं सारखा चाललाय तो."

त्यानं हेडफोन तिच्या कानाला लावले. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"नाही ओ. नागमणी बोलतेय तेवढंच आहे."

मग त्यानं ते माझ्या कानाला लावले. नागमणीचा आवाज जरा बारीक येत होता. बाकी काही नव्हतं.

"काहीच नाही!" मी म्हणालो.

"व्यंकटेशभाऊ, हळू. मी इथंच बसलोय." इलियासनं कपाळाला हात लावला. "अहो, खटक-खटक, खटक-खटक! बाई काय बोलते त्यातला एक शब्द कळत नाही. हे काय आहे?"

भूदेवी माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. आणि दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला.

"ते होय!" ती म्हणाली. "ते तर माग आहेत."

इलियास हसत सुटला. खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. आम्हाला मात्र हसू येईना. तीन दुपारी भूदेवी त्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र पदराखाली धरून दारोदार फिरली होती. बायांना बोलतं केलं होतं. आणि सगळ्यांच्या बोलण्यावर मागच माग वाजत होते.

आमची गल्ली यंत्रमागाची. खाली कारखाना, वर घर, नाहीतर कारखान्याला लागूनच एक खोली. टॉवेलचे माग. रात्रंदिवस चालायचे, शुक्रवार सुटीचा तेवढा बंद. बाहेरचा पाहुणा आला की पहिल्या दिवशी कानात बोटं घालायचा. आम्हाला तो आवाज आवाज वाटतच नव्हता. त्यामुळं आमच्या गल्लीतला माणूस कुठंही गेला तरी ओरडूनच बोलतो. लोकांना वाटतं भांडतोय.

मी राजेशम शेठच्या कारखान्यात माग चालवायचो. माझी बायको भूदेवी घरी विड्या वळायची. आणि इलियास नदाफ हा जवळच्या वस्तीतला. शाळेच्या एका पडीक खोलीत त्यानं वस्तीचा रेडिओ सुरू केला होता. खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. गटार तुंबलं, रेशन आलं नाही, कुणाची पोरगी कबड्डीत जिंकली, असल्या गोष्टी तो लोकांच्याच तोंडून रेडिओवर ऐकवायचा. विड्या वळताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे. त्यामुळं बाया त्याचा रेडिओ लावून ठेवायच्या. आवाज मोठा करून, अर्थात.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं महापालिकेचं सूतिकागृह बंद होणार अशी बातमी आली. जुनी दगडी इमारत, थोड्याच खाटा, पण दोन नर्सबाई चांगल्या होत्या. ते हलवून रेल्वेलाइनच्या पलीकडच्या नव्या मोठ्या दवाखान्यात नेणार होते. तिथं जायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात. फाटक पडलं की खोळंबा वेगळा. आमच्या बाया दोनदा मोर्चा घेऊन गेल्या. बाकावर बसून आल्या. शेवटी एवढंच ठरलं, की गुरुवारी समितीसमोर सुनावणी आहे, वस्तीच्या वतीनं पाच मिनिटं काय ते सांगा, मग मतदान होईल.

"भूदेवी, तूच बोल," बाया म्हणाल्या.

"मी कशाला?" ती म्हणाली. "ज्या तिथं बाळंत झाल्या त्यांनी बोलावं."

पण ज्या तिथं बाळंत झाल्या त्यांच्या मांडीवर पोरं. आणि साहेबांसमोर उभं राहायचं म्हटलं की एकेकीची जीभ टाळ्याला चिकटायची. तेव्हा इलियास म्हणाला होता, "बाया नेता येत नाहीत ना? आवाज न्या. पाच मिनिटांत त्यांच्याच तोंडून त्यांना ऐकवू."

आणि आता सोमवार होता, आणि आवाजात नुसते माग होते.

"त्यांना इथं घेऊन या," इलियास म्हणाला. "ही खोली शांत आहे."

संध्याकाळी पुष्पाक्काला घेऊन आलो. घरी ती अशी बोलते की ऐकणाऱ्याला धाप लागावी. तिची थोरली सूतिकागृहाच्या पायरीवरच झाली होती. ती गोष्ट गल्लीत शंभरदा सांगून झाली असेल. गादीच्या भिंतीपुढं बसली, माइक समोर आला, आणि पुष्पाक्का ताठ झाली.

"सूतिकागृह ही काळाची गरज आहे," ती म्हणाली. "तरी संबंधितांनी याकडे लक्ष द्यावे, ही नम्र विनंती."

"अक्का, हे कुणी शिकवलं?" इलियासनं विचारलं.

"बातम्यांत असंच बोलतात की."

"पायरीवर काय झालं ते सांगा ना."

पुष्पाक्का लाजली. "इथं? तुमच्यासमोर? काहीतरीच!"

परत येताना भूदेवी पुढं चालली होती. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडली, "घरीच घ्यायचं बोलणं! उंबऱ्यावर बसूनच बोलतात त्या. माग बंद करायचे!"

"कुणाचे?"

"सगळ्यांचे!"

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ती थट्टा करत नव्हती.

"वेडी आहेस काय? शुक्रवारपर्यंत थांब, तेव्हा बंदच असतात."

"सुनावणी गुरुवारी आहे ओ."

"पण शेठ ऐकतील का?"

"तुम्ही विचारून तर बघा. मी येते बरोबर."

तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. विडीच्या तंबाखूनं तिला खोकला लागलेला होता, पण तो अजून नुसता खोकलाच होता. पुढं त्याचा दमा झाला आणि त्यानंच ती गेली. चौथं वर्ष चालू आहे. आमच्या घरात ठरवायचं काम तिचं असायचं आणि निरोप पोचवायचं माझं. त्या दिवशीही तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राजेशम शेठच्या अंगणात उभे राहिलो. शेठ चहा पीत होते. त्यांची आई मल्लव्वा ओट्यावर वाती वळत बसली होती. मी सांगितलं. शेठनी कप खाली ठेवला.

"व्यंकटी, रात्री घेतली होतीस काय?"

"नाही शेठ."

"मग सकाळी घेतलीस. अर्धा तास माग बंद? चालत्या टॉवेलवर माग थांबवला की कापडात रेघ पडते. तुला मी सांगायचं? रेघ पडलेला टॉवेल कोण नेणार? तो रेडिओवाला?"

यावर मी रात्रभर विचार करून ठेवला होता.

"शेठ, टॉवेल अर्धा असताना थांबवायचाच नाही. एक टॉवेल संपतो, मग दुसरा सुरू व्हायच्या आधी मधे सुटे धागे सोडतो ना आपण, तिथं थांबवायचा. तिथं कापायचंच असतं. रेघ पडली तरी झालरीत जाते."

शेठनी कप परत उचलला. म्हणजे पटलं होतं.

"एकेक माग आपापल्या टॉवेलला थांबेल," मी म्हणालो. "सगळे थांबले की बायांचं बोलणं घ्यायचं. मग चालू."

"आणि बाकीचे मालक?"

"तुम्ही थांबवले की ते थांबवतील. नाही थांबवले तर त्यांच्या आईबायका विचारतील त्यांना."

"माझी कुणी विचारत नाही," शेठ म्हणाले.

ओट्यावरून मल्लव्वा म्हणाली, "राजेशम, तू कुठं झालास रे?"

"अम्मा, तू मधे पडू नकोस."

"दोन रात्री अडले होते मी. त्या बाळंतिणीच्या घरात ती जाड नर्स होती, तिनं तुला पायाला धरून बाहेर काढला. काळानिळा होतास. मेलास असंच वाटलं होतं मला. रेल्वेलाइनच्या पलीकडं नेलं असतं तर आज इथं चहा पीत कोण बसलं असतं?"

शेठनी माझ्याकडं रागानं बघितलं, जणू हे मीच तिला शिकवून आणलं होतं.

"उद्या. जेवणाच्या वेळेला. अर्धा तास," ते म्हणाले. "एक मिनिट वर झालं तर तुझ्याकडनं वसूल करीन."

भूदेवीचा चेहरा असा फुलला की मला हसू आलं. ती जायला वळली तशी मल्लव्वा तिला म्हणाली, "तुला ग एवढं काय पडलंय त्या घराचं?"

"उद्या तुम्ही पण बाहेर या, अव्वा," भूदेवी म्हणाली. "त्या जाड नर्सची गोष्ट पाहिजे मला."

त्या दिवशी गल्लीत मंगळागौर असावी तसा उत्साह. भूदेवी या टोकाची त्या टोकाला. कुणी कुठल्या उंबऱ्यावर बसायचं, कुणी आधी बोलायचं. पुष्पाक्कानं नवी साडी काढून ठेवली.

"अगं, आवाजच जाणार आहे, साडी नाही," भूदेवी म्हणाली.

"साडी चांगली असली की आवाज चांगला येतो," पुष्पाक्का म्हणाली.

कारखान्याकारखान्यांतून मी फिरलो. "टॉवेल संपला की थांबवायचा, आधी नाही, नंतर नाही." कामगारांना वाटलं संप आहे. दोघांनी लाल झेंडा आणू का विचारलं.

बुधवारी जेवणाच्या वेळेला इलियास आला. गळ्यात यंत्र, हातात काठीला लावलेला माइक. नागमणीच्या उंबऱ्याशी उकिडवा बसला. नागमणीचं पोर महिन्याचंही नव्हतं. आत झोळीत झोपलेलं. ती दारात बसली, शेजारी भूदेवी, पलीकडच्या ओट्यावर मल्लव्वा. बाकीच्या आपापल्या दारात. मी शेठच्या कारखान्याच्या दारात उभा राहून हात वर केला.

पहिला माग थांबला. मग त्याच्या पलीकडचा. मग समोरच्या कारखान्यातले दोन. आवाज कमी व्हायला लागला तसा तो आहे हे मला पहिल्यांदा कळलं. एकेक माग गळत गेला. शेवटी कोपऱ्यावरच्या कारखान्यातला एकटाच उरला. त्याचा टॉवेल लांबला होता. सगळी गल्ली त्याच्याकडं कान लावून बसली. खटक, खटक, खटक. आणि तोही थांबला.

भर दुपारी गल्ली शांत झाली. कुणाच्या तरी घरात नळ ठिबकत होता. कुणी चपला ओढत चाललं होतं. आणि नागमणीच्या दारातून भूदेवीचा आवाज आला, "बोल नागमणी. घाबरू नको." ती हळू बोलत होती आणि मला इथवर ऐकू येत होतं. शुक्रवारीसुद्धा आम्ही सवयीनं ओरडतच बोलायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिचा हळू बोलतानाचा आवाज असा असतो हे मला माहीत नव्हतं.

नागमणी बोलायला लागली. काय सुरेख बोलली!

"त्या दिवशी हे दुसऱ्या पाळीला होते. सासूबाई गावाला. माझ्या पोटात कळ आली. मी हाका मारल्या, पण मागांच्या आवाजापुढं कुणाला ऐकू जाणार? मग उठले आणि भिंतीला धरून धरून चालत गेले. मधे दोनदा खाली बसले. समोर दवाखान्याची कमान दिसत होती. म्हटलं, तिथवर जायचं, बास. पोचले आणि लगेच झालंच. तेच जर लांब असतं तर..."

आणि आत झोळीतलं पोर किंचाळलं.

असं किंचाळलं की इलियासच्या हातातली काठी हलली. नागमणी दचकून आत बघायला लागली, तोवर शेजारच्या घरातून दुसरं पोर सुरू झालं. मग पुष्पाक्काचा नातू. मग माडीवरची जुळी, एकापाठोपाठ एक. मग समोरचं. दोन मिनिटांत सगळ्या गल्लीतली तान्ही पोरं टिपेच्या सुरात रडायला लागली. आमच्या गल्लीत एवढी पोरं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

इलियास उभाच राहिला. "हे काय झालं?"

नागमणी पोराला घेऊन बाहेर आली आणि खो खो हसायला लागली. तिला बघून पुष्पाक्का, मग सगळ्याच. पोरं रडतात आणि आया हसतात.

"अक्का, माग बंद झाले की उठतातच ही!" नागमणी भूदेवीला म्हणाली. "मागाच्या आवाजातच झोपायची सवय. शुक्रवारी दिवसभर मांडीवर घेऊन बसावं लागतं."

"मग आधी सांगितलं का नाहीस ग?" भूदेवीही हसत होती.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं."

मल्लव्वा शेजारणीच्या कानाशी वाकली. तिला वाटलं आपण हळू बोलतोय. माग चालू असते तर ते शेजारणीलाही धड ऐकू गेलं नसतं.

"तिला कसं ठाऊक असणार?" ती म्हणाली. "तिच्या मांडीवर कधी पोर होतं?"

ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

बायांचं हसणं तुटलं. पोरं रडतच होती. मल्लव्वाला कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

आम्हाला मूल झालं नाही. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी ते तिच्या तोंडावर कधी बोललं नव्हतं. त्या सूतिकागृहात ती शेजारणींना घेऊन जायची, डबे न्यायची, बाहेरच्या बाकावर बसायची. खाटेवर कधी झोपली नाही.

भूदेवी एवढंच म्हणाली, "नागमणी, पाज त्याला आधी. बोलणं मग."

पण मग काही झालं नाही. एकेक जण आपलं पोर उगी करायला आत गेली. शेठ दारात येऊन घड्याळ दाखवायला लागले. मी हात खाली केला. माग सुरू झाले, एक, दोन, दहा, आणि पोरं गप्प होत गेली.

इलियास गादीच्या खोलीत डोकं धरून बसला. "उद्या सुनावणी, आणि माझ्याकडं काय आहे? सव्वा बाई. बाकी नुसती बोंबाबोंब."

"यंत्र बंद केलं होतं का तुम्ही?" भूदेवीनं विचारलं.

"कुठं? मला सुचलंच नाही. चालूच होतं शेवटपर्यंत."

"लावा."

त्यानं लावलं. यावेळी हेडफोन नाही, मोठ्यानं. आधी सगळे माग. मग ते एकेक करून थांबताना ऐकू येत होते. मग नळ. मग नागमणी. "तेच जर लांब असतं तर..." आणि ते किंचाळणं. मग सगळी गल्ली. मग हसणं.

इलियास हळूहळू खुर्चीत सरळ झाला.

"भाभी," तो म्हणाला, "हे... हे असंच द्यायचं?"

"मग? यापुढं कोण काय बोलणार?"

"असंच द्यायचं!" तो उठून उभा राहिला. "एक शब्द आणखी नको! काय आलंय हे, व्यंकटेशभाऊ! मी जन्मात असं घेतलं नाही!" तो त्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या मारायला लागला, गाद्यांना धडकत. मग एकदम थांबला. "फक्त अव्वांचं ते वाक्य... ते मी काढतो. कळणार पण नाही."

"काढा," मी म्हणालो.

"राहू दे," भूदेवी म्हणाली.

"कशाला? चारचौघांत..."

"गल्लीतलं आहे ते. गल्लीत काय झालं ते ऐकवायचं म्हणताय ना? मग त्यातलं आपल्याला बरं तेवढंच कसं ठेवायचं?"

इलियासनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ते राहिलं. पाच मिनिटांत बसावं म्हणून मधलं नुसतं रडणं तेवढं त्यानं कमी केलं.

गुरुवारी आम्ही तिघंच गेलो. मोठं सभागृह, पंखे, लांब टेबल, टेबलापलीकडं समितीची माणसं. आमच्या आधी एका अधिकाऱ्यानं नव्या दवाखान्याचं वर्णन केलं. यंत्रं किती, मजले किती. सगळं खरंच चांगलं होतं. ऐकताना मला वाटायला लागलं, आपण हरलो.

"वस्तीच्या वतीनं कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

भूदेवी उभी राहिली. "साहेब, आम्ही बोलणार नाही. ऐकवणार आहोत."

इलियासनं स्पीकर टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

माग सुरू झाले. समितीतल्या एका बाईंनी कानावर हात ठेवले. "आवाज कमी करा हो!" कुणीतरी म्हणालं. इलियास हलला नाही. माग एकेक करून कमी झाले तसे कानांवरचे हात खाली आले. शांत झालं. नागमणी बोलली. अध्यक्ष पेन फिरवत होते, ते थांबले. "तेच जर लांब असतं तर..."

पोर किंचाळलं. ज्या बाईंनी कानावर हात ठेवले होते त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, जणू आत जाऊन बघणार होत्या. मग दुसरं, तिसरं, जुळी. सभागृह पोरांच्या रडण्यानं भरून गेलं. दारातला शिपाई आत डोकावला. समितीतले एक म्हातारे सभासद हसायला लागले, मग दुसरे. गल्लीतल्या बाया हसत होत्या, सभागृहातले साहेब हसत होते. मल्लव्वाचं वाक्य आलं. कुणाला ते नीट कळलं नसावं. तेवढ्यात पुन्हा माग लागले आणि पोरं एकेक करून गप्प झाली. इलियासनं बटण दाबलं.

"ही सगळी..." अध्यक्षांनी विचारलं, "ही त्याच सूतिकागृहातली?"

"हो साहेब. एका गल्लीतली. ह्याच वर्षातली."

अध्यक्ष हसले. चांगला माणूस होता. त्यांनी प्रेमानंच विचारलं, "आणि यातलं तुमचं कुठलं, बाई?"

मी उठणार होतो. काय बोलणार होतो कोण जाणे. पण भूदेवी बोलली, आणि ओरडून नाही. आदल्या दिवशी उंबऱ्यावर बोलली होती तशी.

"माझं एकही नाही, साहेब. ज्यांची आहेत त्या आत्ता पाजत बसल्यात. त्यांना इथवर येता येत नाही. मला येता येतं, म्हणून मी आले."

अध्यक्षांचं हसू गेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. समितीतल्या त्या बाई अधिकाऱ्याकडं वळल्या.

"त्या गल्लीतून नव्या दवाखान्यात चालत जायला किती वेळ लागतो?"

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. "मॅडम, चालत म्हणजे... रिक्षा आहेत ना."

"पाळीला गेलेल्या नवऱ्याच्या बायकोला चालत किती वेळ लागतो, ते विचारतेय मी."

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. सूतिकागृह हलवू नये या बाजूनं आधी त्या बाईंचा हात वर गेला. मग म्हाताऱ्या सभासदांचा. मग एकेक. मी मोजायला लागलो आणि घोटाळलो, कारण इलियासनं माझा दंड धरून दाबला होता आणि तो कानाशी येऊन ओरडत होता, "राहिलं! राहिलं! भाऊ, राहिलं!"

भूदेवी तशीच उभी होती. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि लहान मुलीसारखं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

इलियासला रेडिओवर लगेच बातमी द्यायची होती. तो सायकलवर पुढं गेला आणि स्पीकर आमच्याकडं राहिला. आम्ही बसनं आलो. बसमधे ती एका जागी बसेना. उठायची, बसायची, खिडकीतून बघायची. "किती वेळ लावतो ओ हा!" ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. तो वळून बघायला लागला.

गल्लीच्या तोंडाशी बस थांबली तशी ती आधी उतरली. तिनं कमानीकडं एकदा बघितलं. मग पदर कमरेला खोचला आणि पळत सुटली. भर दुपारी, सगळ्या लोकांत. इतक्या वर्षांत मी तिला पळताना कधी बघितलं नव्हतं.

"अगं थांब की! बरोबर जाऊ!" मी ओरडलो.

दोन्हीकडचे माग जोरात चालू होते. तिला काही ऐकू गेलं नाही. ती नागमणीचं दार वाजवत होती, मग पुष्पाक्काचं, मग त्याच्या पुढचं. दारं उघडत होती, कडेवर पोरं घेतलेल्या बाया बाहेर येत होत्या, तिच्या तोंडाकडं बघत होत्या. आणि मी तो जड स्पीकर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, जमेल तेवढं भरभर, तिच्या मागून चाललो होतो.